दुसरा कोअर करतो काय?

राजपुरीहून जंजिऱ्याला जाताना होडीतून घेतलेला व्हिडिओ एखाद्या जुन्या, दोन कोअरच्या मशीनवर लावून बघा. तट दिसतोय तोवर ठीक. कॅमेरा पाण्याकडे वळला की अडखळलाच! तट पुढच्या फ्रेममध्ये फक्त थोडासा सरकतो, त्यामुळे "मागचा तुकडा उचलून इथे ठेव" एवढं सांगून भागतं. लाटा मात्र दर फ्रेमला नव्या. बिटरेट फुगतो आणि डिकोडर धापा टाकतो.

त्यात टास्क मॅनेजर उघडावा तर एक कोअर घामाघूम, दुसरा निवांत. पैसे दोन्हीचे मोजलेत की राव!

हे दुखणं जुनं आहे. पुण्यात सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' उभा केला तो ट्रान्सप्यूटर एकमेकांना जोडूनच. हवामानासारखं गणित अशा यंत्रांना मानवतं: नकाशाचे चौकोन पाडा, वाटा, फक्त कडा शेजाऱ्याला कळवा. व्हिडिओत फ्रेम मागच्या फ्रेमवर टेकलेली, आणि फ्रेमच्या आतले बिटही क्रमानेच वाचावे लागतात.

२००३ च्या एच.२६४ मध्ये यावर 'स्लाइस'ची सोय होती. फ्रेमचे स्वतंत्र काप करायचे, एकेक काप एकेका थ्रेडला. एफएफएमपेगचा डिकोडर तेच करायचा. २००५ मध्ये दोन कोअरचे प्रोसेसर घरोघरच्या पीसीसाठी आले तेव्हा हे कामाला यायला हवं होतं. पण कापांमुळे कॉम्प्रेशन थोडं बिघडतं, म्हणून एक्स२६४ या एन्कोडरने २००६ च्या अखेरीस ते सोडून अख्ख्या फ्रेमच थ्रेड्सना वाटायला सुरुवात केली. एन्कोडिंग सुधारलं, आणि बिचाऱ्या डिकोडरला वाटून घ्यायला काही उरलंच नाही! दोष प्लेअरचा नव्हता, फाइल कशी बनली त्याचा होता.

उत्तर २००८ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये अलेक्झांडर स्ट्रेंजच्या कामातून आलं. आमच्याकडे खाचरात पुढे चिखलणी चालू असते आणि मागून लावणी येते, अख्खं खाचर होईपर्यंत कोणी बांधावर बसून राहत नाही. तसंच इथे. मागच्या फ्रेमचा थ्रेड हव्या त्या ओळीपर्यंत पोचला की पुढच्या फ्रेमचा थ्रेड कामाला लागतो. मुख्य एफएफएमपेगमध्ये हे यायला २०११ उजाडलं. अर्थात फुकट नाही. जितके थ्रेड तितकी मेमरी जास्त आणि तितका उशीर. सिनेमाला चालतं, व्हिडिओ कॉलला नाही.

२०१३ च्या एचईव्हीसीने टाइल्स आणि वेव्हफ्रंट दिले, पण एन्कोडरने ते वापरले असतील तरच उपयोग.

म्हणून प्लेअरला शिव्या घालण्याआधी चित्र न दाखवता नुसतं डिकोडिंग करून वेळ मोजा, आधी एका थ्रेडवर, मग दोनवर. वेळ निम्म्याच्या आसपास आला तर डिकोडर निर्दोष, घोटाळा पुढे चित्र पडद्यावर आणण्यात आहे. वेळ हललाच नाही तर फ्रेम-थ्रेडिंग चालू आहे का ते बघा.