परक्या हातीं गेलेला यंत्रमानव

बाणभट्टाची कादंबरी अर्धी राहिली आणि ती त्याच्या मुलानें पुरी केली, हें संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें. पित्याचें अपुरें काम हातीं घेतांना त्या मुलानें जो विनय दाखविला, त्याची आठवण आम्हांस परवां अगदीं अनपेक्षित ठिकाणीं झाली. एका माजी विद्यार्थ्यानें आग्रहानें आणून दिलेले अमेरिकन चित्रकथेचे जुने अंक आम्ही चाळीत होतों. चित्रकथा म्हटलें कीं आमच्या वयाच्या गृहस्थांच्या कपाळाला आंठी पडते, आमच्याहि पडली. पण एकोणीस अंकांची ही माला वाचून संपली तेव्हां रात्रीचा एक वाजला होता, हें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे.

या मालेचें नांव 'मशीन मॅन', आणि तिचा जनक जॅक कर्बी. न्यू यॉर्कच्या गरीब ज्यू वस्तींत १९१७ सालीं जन्मलेल्या या चित्रकारानें १९६० नंतरच्या दशकांत स्टॅन ली यांच्या साह्यानें मार्व्हल या प्रकाशनसंस्थेचें वैभव उभें केलें; 'फॅन्टॅस्टिक फोर' आणि 'हल्क' हीं त्याच काळचीं अपत्यें. पुढें असंतोषानें तो १९७० सालीं संस्था सोडून गेला व पांच वर्षांनीं परत आला. परतल्यावर त्याच्याकडे आलेलें एक काम म्हणजे कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटाचें चित्रकथेंत रूपांतर करणें. त्या रूपांतरापाठोपाठ निघालेल्या मालेच्या आठव्या अंकांत, १९७७ सालीं, हा यंत्रमानव प्रथम अवतरला. म्हणजे जन्मला तोच दुसऱ्याच्या घरांत. स्वतःच्या नांवाची माला त्याला एप्रिल १९७८ च्या अंकापासून मिळाली.

कर्बीची मूळ कल्पना साधी आहे, पण ती मनांत रुतून बसते. सरकारनें सैन्याच्या उपयोगासाठीं विचार करणारीं यंत्रें बनविलीं. पहिलीं पन्नास बिघडलीं, पिसाट झालीं; आपण कोण हेंच त्यांना कळेना. एकावन्नावें यंत्र एबल स्टॅक या शास्त्रज्ञानें आपल्या घरीं नेऊन मुलासारखें वाढविलें, त्याला माणसाचा चेहरा दिला आणि आरन हें नांव ठेवलें. सर्व यंत्रें नष्ट करण्याचा हुकूम सुटला तेव्हां त्याच्या शरीरांतील स्फोटक काढून घेतांना बापानें प्राण दिले. पुढें सैन्य त्याला पकडतें आणि पहिली गोष्ट कोणती करतें, तर त्याचा चेहरा काढून घेतें. सरकारच्या दप्तरीं तो एक्स-५१, म्हणजे सरकारी माल. मालाला चेहरा कशाला? कर्नल क्रॅग नांवाचा अधिकारी त्याच्या पाठीस लागतो, आणि पळतां पळतां हा यंत्रमानव येईल त्यास विचारीत सुटतो कीं, मी कोण? संवाद अनेकदां बोजड आहेत. कर्बीचे लोक बोलत नाहींत, गर्जना करतात. पण दुर्बिणीसारखे लांबणारे हातपाय आणि लाल डोळ्यांचा तो स्तब्ध चेहरा यांत एक भव्य एकटेपणा आहे, आणि तो शब्दांनीं बिघडत नाहीं.

डिसेंबर १९७८ च्या नवव्या अंकाबरोबर माला थांबली. त्याच वर्षीं कर्बीनें मार्व्हल सोडलें व तो व्यंगचित्रपटांच्या धंद्यांत गेला. याच वर्षाच्या १ जानेवारीपासून अमेरिकेंत नवा लेखनस्वामित्वाचा कायदा अमलांत आला होता. प्रकाशनसंस्था आपल्या चित्रकारांकडून, केलेलें काम संस्थेच्या मालकीचें, अशी लेखी कबुली मागूं लागल्या. सरकारी माल कीं स्टॅकचा मुलगा, हा चित्रकथेंतला वाद त्या सुमारास चित्रकथेच्या बाहेरहि चालला होता.

यंत्रमानव कांहीं महिने 'हल्क'च्या मासिकांत पाहुणा म्हणून राहिला आणि ऑगस्ट १९७९ च्या अंकांत माला पुन्हां सुरू झाली. अंकाचा क्रमांक पहिला नव्हता, दहावा होता. जणू मध्यें कांहीं घडलेंच नाहीं! लेखक मात्र नवा, मार्व्ह वुल्फमन. आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को. पंधराव्या अंकापासून लेखन टॉम डिफाल्को यांजकडे गेलें.

नव्या मंडळींनीं काय केलें? त्यांनीं यंत्रमानवास नोकरी लावली! तो विम्याच्या कचेरींत जाऊं लागला. टेबल, सहकारी, कुजबूज, एखादीचा स्नेह, एखाद्याचा द्वेष. कर्बीच्या भक्तांस हा अधःपात वाटतो, आणि आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. आकाशाएवढा प्रश्न कारकुनी खोलींत कोंडल्यासारखा झाला. पण दुसऱ्या वाचनांत मत थोडें पालटलें. मी कोण, हें वाळवंटांत विचारणें सोपें असतें. शेजारच्या टेबलावरील माणूस रोज भेटत असतां तें लपवून ठेवणें कठीण. डिट्कोचीं चित्रें इथें कामास आलीं आहेत. कर्बीच्या हातीं ते लांबणारे अवयव यंत्राच्या दट्ट्यासारखे धांवतात. डिट्कोच्या हातीं ते वांकतात, गुंतागुंत करतात, आणि सारें शरीर संकोचल्यासारखें दिसतें. शत्रू मात्र बहुतेक सामान्य आहेत. त्यांविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं.

आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें या उत्तराधिकाऱ्यांच्याच इतिहासाचें. 'स्पायडर-मॅन'ला १९६२ सालीं ज्यानें रूप दिलें तो हाच डिट्को. १९६६ सालीं तो संस्था सोडून गेला आणि त्याचें अपत्य जॉन रोमिटाच्या हातीं वाढलें. तेरा वर्षांनीं परतला तो दुसऱ्याचें मूल सांभाळावयास! आणि वुल्फमन? 'ब्लेड' इत्यादि आपल्या पात्रांच्या स्वामित्वासाठीं त्यानें पुढें मार्व्हलविरुद्ध दावा लावला. २००० सालीं तो हरला. बाणाच्या मुलास निदान बापाचें घर तरी वारशानें मिळालें होतें. इथें घर तिसऱ्याचेंच, आणि बाप व वारस दोघेहि भाडेकरू.

माला फेब्रुवारी १९८१ च्या एकोणिसाव्या अंकास संपली. १९८४ सालीं डिफाल्को, हर्ब ट्रिम्प व बॅरी विंडसर-स्मिथ यांनीं चार अंकांची नवी कथा काढली. तींत २०२० साल आहे, आणि यंत्रमानवाचे सुटे केलेले भाग एका पेटींत अडगळ म्हणून पडलेले सांपडतात. कांहीं भटके तरुण ते जोडून त्याला उठवितात. त्याच सुमारास, आपण काढलेलीं मूळ चित्रें परत मिळावींत म्हणून वृद्ध कर्बीचा मार्व्हलशीं झगडा चालला होता. १९८७ सालीं त्याला सुमारें दोन हजार पानें परत मिळालीं. काढलीं होतीं त्याच्या कितीतरी पट.