खाडीच्या गाळातला इतिहास

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

मी नरसिंहपूरचा. नीरा-भीमेच्या संगमावरचं गाव, त्यामुळे आमच्याकडं मासा म्हणजे नदीचा. आता नोकरी ऐरोलीत, आणि ताई ठाण्यात. तिला सातवा महिना लागलाय. परवा आईचा फोन आला, "अरे, तिकडं कारखान्यांचं पाणी खाडीत जातं म्हणं. ताईनं मासे खायचे का नाही?" म्हटलं, बघून सांगतो.

बघायला गेलो आणि पोचलो थेट जपानच्या मिनामाताला. तिथं चिस्सो कंपनीचं सांडपाणी समुद्रात जायचं, त्यात मिथाइल पारा. 1956 मध्ये आजाराची नोंद झाली. कारण सरकारनं मान्य केलं 1968 मध्ये. बारा वर्षं! सगळ्यात वाईट म्हणजे, आई वरवर ठीक दिसायची आणि बाळाच्या मेंदूला इजा झालेली असायची.

आता आपल्याकडं. कॉस्टिक सोडा बनवायची जुनी पद्धत म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची, आणि एक इलेक्ट्रोड पाऱ्याचा. त्यातला थोडा पारा सांडपाण्यात जायचा. उल्हास नदीच्या पट्ट्यात असे कारखाने होते. 1981 मध्येच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध छापला होता.

पुढं संशोधकांनी उल्हास खाडीच्या गाळात नळी घालून थर काढले. हा गाळ म्हणजे गिट लॉगच: खाली जुन्या नोंदी, वर नव्या. वरच्या थरांत पारा कमी दिसला, कारण नियम कडक झाले आणि कारखाने पारा न लागणाऱ्या मेंब्रेन पद्धतीकडं वळले. पण खालचा पारा डिलीट झालेला नाही. गाळ ढवळला की तो पुन्हा वर येऊ शकतो.

मग आईला काय सांगितलं? पारा माशाच्या मांसातच बसतो. धुऊन, तळून जात नाही. मोठा मासा लहान माशांना खातो, म्हणून त्याच्यात जास्त साठतो. तेव्हा ताईला मुशी नको, मोठी सुरमई नको. कालवं, तिसऱ्या एकाच जागी बसून पाणी गाळतात, त्यात शिसं-कॅडमियमही येऊ शकतं. त्या खाडीतल्या तर नकोतच. समुद्रातले बांगडे, तारली, मांदेली खुशाल खाऊ दे. मासे बंद करू नको, बाळाच्या मेंदूला त्यातलं ओमेगा-3 लागतं.

आई म्हणाली, "आणि आपल्या नदीचं रे?"

पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, आणि उजनीच्या खाली आमचा संगम. आमच्या गाळाचा लॉग कोण वाचणार? पुढचा एपिसोड त्यावरच. भेटू!