सेनापती चँग कै-शेक आणि वर्धा : न झालेल्या एका भेटीचा अन्वयार्थ

प्रास्ताविक

पिपरी मेघे हे वर्धा शहरास लागून असलेले गाव. फेब्रुवारी १९४२ मध्ये या परिसराचा उल्लेख थेट ब्रिटिश मंत्रिमंडळात झाला. चीनचे सरसेनापती चँग कै-शेक यांना महात्मा गांधींच्या भेटीसाठी वर्ध्यास यावयाचे होते. ब्रिटिश सरकारचा त्यास विरोध होता. भेट वर्ध्यात झाली नाही. तथापि तिचा परिणाम वर्ध्याच्याच एका ऐतिहासिक ठरावात उमटला, हे दर्शविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परकीय युद्ध आणि यादवी

१८८७ मध्ये जन्मलेले चँग १९२४ मध्ये व्हाम्पोआ लष्करी अकादमीचे प्रमुख झाले. १९२६ ते १९२८ या काळातील उत्तर मोहिमेत त्यांनी अनेक प्रांतिक लष्करशहांना नमविले. मात्र एप्रिल १९२७ मध्ये शांघाय येथे कम्युनिस्टांची कत्तल घडवून दीर्घ यादवीलाही तोंड फोडले. डिसेंबर १९३६ मध्ये शीआन येथे त्यांच्याच सेनाधिकाऱ्यांनी त्यांना कैद केले, तेव्हा कोठे जपानविरोधी संयुक्त आघाडीचा मार्ग मोकळा झाला. जुलै १९३७ पासूनच्या युद्धात शांघाय, नानकिंग, हांकौ ही शहरे पडली, तरी त्यांनी शरणागती पत्करली नाही. परंतु जून १९३८ मध्ये जपानी सैन्यास रोखण्यासाठी पीत नदीचे बांध फोडण्यात आले आणि लाखो चिनी शेतकरी देशोधडीला लागले.

कलकत्ता भेट

१९४२ च्या प्रारंभी जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या व चीनचा रसदमार्ग धोक्यात आला. भारतीय जनता या युद्धात उदासीन राहिली तर चीनचा शेवटचा आधारही तुटेल, या जाणिवेने चँग सपत्नीक भारतात आले. वर्धा भेटीमुळे युद्धप्रयत्नांत अडथळा येईल, असे चर्चिल यांनी त्यांना कळविले. त्याच सुमारास, ११ फेब्रुवारीस, वर्ध्यात जमनालाल बजाज यांचे निधन झाले. या आघातानंतर थोड्याच दिवसांत गांधीजी कलकत्त्यास गेले आणि १८ फेब्रुवारीस उभयतांची प्रदीर्घ भेट झाली. २१ फेब्रुवारीच्या निरोपाच्या संदेशात चँग यांनी भारतीयांना खरी राजकीय सत्ता लवकर द्यावी, असे ब्रिटनला आवाहन केले.

सेवाग्रामचे पत्र व वर्धा ठराव

१४ जून १९४२ रोजी गांधीजींनी सेवाग्रामहून चँग यांना पत्र लिहिले. आपल्या कोणत्याही कृतीने चीनची हानी होऊ नये, ही चिंता त्यात व्यक्त झाली असून स्वतंत्र भारताशी करार करून दोस्त राष्ट्रांनी येथे सैन्य ठेवण्यास संमतीही आहे. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने दिलेली ही संमती लक्षणीय होय. बरोबर एक महिन्याने, १४ जुलै रोजी, काँग्रेस कार्यकारिणीच्या वर्धा ठरावातही दोस्त सैन्याच्या वास्तव्यास मान्यता देताना चीनच्या संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आला. ‘छोडो भारत’ आंदोलनाची पूर्वतयारी केवळ देशांतर्गत विचारांनी झाली, हे मत त्यामुळे अपुरे ठरते. चँग यांनीही जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना भारताच्या बाबतीत मध्यस्थीची विनंती केली. ती निष्फळ ठरली.

निष्कर्ष

लोकांच्या संमतीवाचून सैन्य टिकत नाही, हे चँग यांनी भारतात ओळखले. स्वदेशात मात्र हे सूत्र त्यांना अंगीकारता आले नाही. १९४५ मध्ये ते विजयी राष्ट्राचे नेते होते. १९४६ मध्ये यादवी पुन्हा पेटली आणि डिसेंबर १९४९ मध्ये त्यांना तैवानचा आश्रय घ्यावा लागला. तेथे १९७५ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी लष्करी कायद्याखाली सत्ता चालविली. भारतीयांच्या स्वातंत्र्यासाठी रदबदली करणारा आणि स्वदेशीयांवर शस्त्र चालविणारा सेनापती एकच होता. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना यांपैकी कोणतीही एक बाजू वगळणे इतिहासाच्या अभ्यासकास परवडणारे नाही.