पंप फिरत होता, पाणी हलत नव्हतं

एपिसोड ऐकला असेल तर सुरुवातीचा तो घुंऽऽ आवाज आठवत असेल. बऱ्याच जणांना तो मिक्सर वाटला असणार. तो माझ्या मावसभावाच्या पीसीचा आवाज आहे. त्याने व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली होती, तीच मी जशीच्या तशी लावली.

हा भाऊ नाशिकला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. वैशाख म्हणजे त्याची सुगी. हातात पाच लग्नं, दोन ठिकाणचा ॲडव्हान्स घेऊन खर्चूनही झालेला, आणि आधी चाळीस मिनिटांत निघणारा एक्स्पोर्ट आता दोन तास खातोय. दुकानात दाखवलं तर उत्तर मिळालं, "प्रोसेसर गेला. बोर्डही बदलून घ्या." पस्तीस हजार. त्या महिन्यात त्याच्याकडे पस्तीस हजार नव्हतेच.

मी विचारलं, "मशीन मध्येच बंद पडतं का?"

"नाही दादा, चालतंय. फक्त हळू चालतंय."

मला पुढचं सगळं या एका वाक्यात सापडलं. कारण एक काळ असा होता की थंडावा गेला की प्रोसेसर हळू वगैरे होत नसे. तो सरळ जळायचा.

२००१ चा सप्टेंबर. टॉम्स हार्डवेअर नावाच्या वेबसाइटने एक व्हिडिओ टाकला, तो त्या काळातल्या डायल-अपवरसुद्धा लोकांनी तासभर वाट बघून उतरवून घेतला. प्रयोग साधा होता. कॉम्प्युटरवर क्वेक ३ हा गेम चालू ठेवायचा आणि तसाच प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे तो फॅन लावलेला धातूचा ठोकळा, उचलून बाजूला करायचा. एएमडीच्या ॲथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला आणि खेळ कायमचा संपला. इंटेलचा पेंटियम थ्री जागच्या जागी अडकला, पण वाचला. आणि पेंटियम फोर? गेम रांगायला लागला, पण थांबला नाही. हीटसिंक परत ठेवल्यावर तो पुन्हा पळायला लागला.

पेंटियम फोरच्या आत स्वतःचं तापमान मोजून स्वतःचा वेग कमी करण्याची सोय होती. यालाच आज आपण थ्रॉटलिंग म्हणतो. तुमच्या हातातला फोनही हेच करतो. मे महिन्यात बाइकच्या होल्डरला लावून मॅप चालू ठेवा, थोड्या वेळात स्क्रीन आपोआप मंद होते आणि फोन अडखळायला लागतो. फोन बिघडलेला नसतो, जीव वाचवत असतो.

सोय उत्तमच आहे. पण तिने एक गोची केली. पूर्वी कूलर बिघडला की धूर यायचा, म्हणजे सगळ्यांना कळायचं. आता कूलर बिघडतो आणि तक्रार येते ती "पीसी स्लो झालाय" अशी. मग माणूस रॅम वाढवतो, विंडोज नव्याने टाकतो, किंवा पस्तीस हजारांचं कोटेशन घेऊन घरी येतो.

आता जरा मागे जाऊ. कारण कॉम्प्युटरमध्ये पाणी गेमर मंडळींनी आणलं असं अनेकांना वाटतं, आणि ते साफ चूक आहे.

१९४६ मध्ये जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्युम ट्यूब होत्या. अख्खी खोली भट्टीसारखी तापवणारं हे यंत्र हवेच्या झोतावर थंड ठेवलं जायचं. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्रं लहान झाली, पण वेग वाढवायचा तर भाग जवळजवळ दाटीने बसवावे लागतात, आणि दाटी केली की हवा पुरत नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ मध्ये हवा आणि पाणी अशी जोडी लावली गेली. म्हणजे हे पाणी आपल्या आईवडिलांच्या वयाचं आहे, काहींच्या तर आजोबांच्या.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते १९८० साली जाहीर झालेलं आयबीएम ३०८१. त्यात शंभरहून जास्त चिप एकाच पाटीवर उलट्या बसवलेल्या. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा एक छोटा दट्ट्या. सगळं बंद डब्यात, आणि डब्यात हवेऐवजी हेलियम भरलेला, कारण हेलियममधून उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटीने सहज जाते. त्या डब्याच्या डोक्यावर थंड पाणी वाहणारी प्लेट. म्हणजे चिपची उष्णता दट्ट्यात, दट्ट्यातून प्लेटमध्ये, प्लेटमधून पाण्यात. पाणी मात्र चिपला कधीच शिवत नाही.

पण गंमत पुढे आहे. हे पाणी पुरवायला वेगळं कपाट असायचं. त्यात पंप, राखीव पंप, पाण्यावर नजर ठेवणारी यंत्रणा. आणि या सगळ्याला सांभाळायला पगारी माणसं. पाणी नीट वाहतंय का, हा प्रश्न कुणाचं तरी रोजचं काम होता. हे लक्षात ठेवा, नाशिकला परत गेलो की लागेल.

त्याच सुमाराला सेमूर क्रे हा माणूस वेगळ्याच वाटेने चालला होता. १९७६ चा क्रे-१ हा सुपरकॉम्प्युटर दिसायला गोलाकार सोफ्यासारखा, खाली खरोखरच गादीची बाकं, आणि त्या बाकांखाली पॉवर सप्लाय! थंडाव्यासाठी पाइपांतून फ्रिऑन, म्हणजे फ्रिजमधला वायू. सुरुवातीला पाइपांच्या जोडांतून तेलकट गळती व्हायची आणि बोर्डांवर थर बसायचा. त्यासाठी वेल्डिंगची नवी पद्धत शोधावी लागली. जगातला सगळ्यात वेगवान संगणक बनवणारे लोक पाइपची गळती काढत बसले होते, कुठल्याही सोसायटीच्या प्लंबरसारखे. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर त्यांनी सर्किटच फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवून टाकली. या द्रवातून वीज वाहत नाही. पारदर्शक टाकीत तो खळाळताना दिसायचा, म्हणून यंत्राला टोपणनाव पडलं 'बबल्स'.

क्रेचं नाव आलं की आपल्याकडे पुण्याची आठवण निघतेच. अमेरिकेने हवा तसा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ती गोष्ट वेगळ्या एपिसोडची. पण आज पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म नावाची जी यंत्रणा आहे, तिचे प्रोसेसर थेट द्रवानेच थंड केले जातात.

मध्यंतरी पाणी गायबही झालं होतं. जुने बायपोलर ट्रान्झिस्टर काम असो-नसो, वीज पीत राहायचे. १९९० च्या दशकात मोठ्या यंत्रांनी सीमॉस तंत्र घेतलं. त्यात वीज मुख्यतः चालू-बंद होताना लागते. उष्णता एकदम खाली आली, पाण्याची कपाटं निघाली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तो दहा-बारा वर्षं टिकला. २००४ पर्यंत घरगुती पेंटियम फोरसुद्धा शंभर वॉटच्या पुढे गेला होता, आणि त्याच वर्षी इंटेलने त्याची पुढची आवृत्ती, तेजस, रद्द केली. (हो, नाव खरंच तेजस होतं.) ॲपलची अवस्था त्याहून अवघड. २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्जने वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा जी-५ देऊ असं जाहीर सांगितलं होतं. वर्षाने आला तो २.५ गिगाहर्ट्झचा, आणि तोही द्रवाने थंड करावा लागणारा. पुढे त्यातल्या काही यंत्रांमध्ये द्रव गळला आणि आतले भाग खराब झाले. २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे जायचं जाहीर केलं.

आणि मग आला आपल्या भावाच्या टेबलावरचा प्रकार. डेन्मार्कच्या ॲसेटेक कंपनीने पंप आणि प्रोसेसरवर बसणारी प्लेट एकाच डबीत घातली. दोन रबरी नळ्या, एक रेडिएटर, पाणी कारखान्यातच भरून सील केलेलं. २००९ मध्ये कॉर्सेअरने एच-५० विकायला आणला, तो ॲसेटेकनेच बनवलेला होता, आणि असे कूलर घरोघरी पोहोचले. बसवा आणि विसरून जा.

विसरून जा, इथेच मेख आहे. आयबीएमचं ते कपाट आठवा. राखीव पंप, पाण्यावर नजर, सांभाळणारी माणसं. या डबीत यातलं काहीच नाही. पाणी भरायला झाकण नाही, प्रवाह मोजायची सोय नाही. वर्षानुवर्षं रबराच्या भिंतीतून पाण्याची वाफ कणाकणाने बाहेर जाते. उरलेल्या जागेत हवा साठते आणि ती सगळ्यात उंच ठिकाणी जाऊन बसते. डबी रेडिएटरच्या वर असेल तर ती हवा थेट पंपात. शिवाय गंज लागू नये म्हणून पाण्यात घातलेली रसायनं कधीकधी तांब्याच्या बारीक पात्यांमध्ये गाळ होऊन अडकतात.

तर आता नाशिक. फोन स्पीकरवर, भाऊ कॅबिनेटचं झाकण उघडून बसलेला.

पहिला प्रश्न तापमानाचा. इथे घाई नको. ९५ अंश दिसले म्हणजे बिघाडच असं नाही. एएमडीचे २०२२ चे रायझन ७००० तर पूर्ण जोरात असताना ९५ पर्यंत जायचे, तशीच त्यांची रचना होती. मी विचारलं, "काहीच चालू नसताना किती?" नुसता डेस्कटॉप उघडा असताना ८३. हे मात्र ठीक नाही.

मग पीसी दोन तास बंद ठेवायला लावला आणि चालू करून थेट बायोसमध्ये जायला सांगितलं. तापमान ४४ वरून निघालं आणि पायऱ्या चढल्यासारखं एकेक अंशाने वर जात राहिलं. यातून बरंच कळतं. थर्मल पेस्ट वाळली असेल किंवा कूलरचा स्क्रू सैल असेल, तर काम पडताच तापमान झटक्यात उसळतं आणि काम थांबताच झटक्यात खाली येतं. इथे ते हळूहळू चढत होतं आणि उतरायचं नाव घेत नव्हतं. म्हणजे उष्णता डबीपर्यंत पोहोचतेय, तिथून पुढे जात नाहीये.

"पण दादा, पंप चालू आहे. २,८०० आरपीएम दाखवतोय. दुकानवाल्यानेही तेच बघितलं."

दुकानवाला चुकला तो इथे, आणि खरं सांगायचं तर मीही काही वर्षांपूर्वी इथेच चुकलो असतो. आरपीएम सांगतो की आतलं चक्र फिरतंय. पाणी हलतंय की नाही, हे तो सांगत नाही.

"नळ्यांना हात लाव. पंख्यापासून बोट लांब ठेव."

एक नळी डबीजवळ चटका बसेल इतकी गरम, आणि चार बोटं पुढे गार. दुसरीचंही तेच. रेडिएटर गार. पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते आणि हवा येत होती खोलीतल्यासारखीच. पाणी नीट वाहत असेल तर ते इतक्या वेगाने फिरतं की दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच कोमट लागतात आणि रेडिएटरमधून ऊबदार हवा येते. भावाने दोन दिवस कॅबिनेट उघडं टाकून समोर टेबल फॅन लावला होता, त्याचा काहीच उपयोग का झाला नाही, तेही इथेच कळलं. रेडिएटरपर्यंत उष्णता पोहोचतच नव्हती, मग तो फॅन थंड काय करणार?

कूलरची वॉरंटी काही महिन्यांपूर्वीच संपली होती. मित्राचा जुना साधा फॅनवाला कूलर संध्याकाळपुरता आणला, नवी पेस्ट लावली, एक्स्पोर्ट टाकला. ६८ अंश. एकेचाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्याने तसलाच एक अडीच हजाराला घेतला. प्रोसेसर तोच आहे, बोर्डही तोच. पाचही लग्नं वेळेत गेली.

जुना कूलर मी त्याला टाकू दिला नाही. दिवाळीत तो घेऊन आला तेव्हा आम्ही गच्चीवर बसून उघडला. (चालू पीसीवर असताना हे कुणीही करू नका, आणि हातमोजे घाला.) पाणी अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. पंपाचं चक्र बोटाने फिरवलं तर अगदी मोकळं फिरत होतं. आणि खालच्या तांब्याच्या पात्यांमध्ये, जिथून पाणी जायला हवं होतं तिथे, हिरवट-पांढरी पेस्ट थापल्यासारखी गच्च बसली होती. त्याचा फोटो खाली टाकलाय. भाऊ म्हणाला, "दादा, हे बघून चटणीच आठवते."