सुट्टीच्या घरातली अखबारची वही

बद्रुद्दीन तय्यबजी आपल्याला माहीत असतात ते १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आणि मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती म्हणून. त्यांच्या खानदानात एक रिवाज होता, तो मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. घरात सर्वांची मिळून एक वही असे. तिला ते ‘अखबार’ म्हणत. अखबार म्हणजे खबरी, आणि या खबरी घरच्याच. पुरुष, बायका, मुले, कोणीही त्यात लिहावे आणि दुसऱ्याने काय लिहिले ते वाचावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला हा रिवाज पुढच्या पिढ्यांनीही चालवला.

मुंबईच्या घरांप्रमाणे सुट्टीच्या मुक्कामीही अशा वह्या असत. मला त्यांचेच जास्त अप्रूप वाटते. राहत्या घरी जन्म, लग्न, आजारपण यांची नोंद कोणीही ठेवतो. पण किहीमच्या किनाऱ्यावर आज कोण कोण आले, फिरायला कुठवर गेले, पाऊस कधी सुरू झाला, हे लिहून ठेवण्याजोगे आहे असे वाटायला वेगळी नजर लागते. शिवाय ही वही खासगी नव्हती. आपण लिहिलेले चुलत भाऊ, मामी, पुढच्या सुट्टीत येणारी मंडळी वाचणार, हे ठाऊक असे. त्यामुळे कोणा एकाची आठवण सगळ्या घराची होऊन जाई.

ही वही उर्दूत लिहिली जाई, हेही लक्षात घ्यायला हवे. तय्यबजी मूळचे खंबायतचे सुलेमानी बोहरा, म्हणजे घरची बोली गुजराती. उर्दू त्यांनी ठरवून आपलीशी केली. घरातल्या मुलींच्या हाती कलम आले तेव्हा लिहिण्याची पहिली जागा मिळाली ती अशा वह्यांत. कोणा संपादकाची परवानगी नको, विषय मोठा असण्याची अट नाही.

या सवयीचे पुढे काय झाले ते पाहायचे तर मुरुडला जायला हवे. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांची बेगम नाझली आणि तिची बहीण अतिया फैजी या आईकडून तय्यबजी. अतिया १९०६ साली शिकायला लंडनला गेली. तिथून ती रोजच्या रोज लिहून घरी बहिणींना पाठवी. ते लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या पत्रात छापून आले, आणि १९२१ साली ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने त्याचे पुस्तक झाले. १९०८ साली नवाब, नाझली आणि अतिया युरोपच्या सफरीवर निघाले. त्या प्रवासाचा नाझली बेगमचा रोजनामचा ‘सैर-ए-युरोप’ म्हणून प्रसिद्ध झाला. आपल्या कोकणातल्या एका संस्थानाच्या बेगमने शंभरावर वर्षांपूर्वी प्रवासवर्णन लिहिले, हे मराठी प्रवासवर्णनांच्या चर्चेत क्वचितच ऐकू येते. उर्दूत लिहिले म्हणून ते आपले नव्हे, असे थोडेच आहे?

किहीमच्याच किनाऱ्यावर १९३० साली सलीम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण केले. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे ते वाढले मामाच्या घरी, अमिरुद्दीन तय्यबजींकडे. नर एकामागून एक घरटी बांधतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच राहते, हे त्यांनी दिवसचे दिवस बसून टिपले. अखबारच्या वहीमुळेच त्यांना ही सवय लागली असे मी म्हणणार नाही. पण रोजचे रोज लिहिण्याला किंमत देणाऱ्या घरात ते वाढले, एवढे खरे.

पुढे याच खानदानातल्या सलीमा तय्यबजी यांनी या वह्या वाचून १८७० ते १९४५ या काळातल्या आपल्या जमातीचा बदलता इतिहास इंग्रजीत लिहिला. त्या वाचू शकल्या, म्हणून तो लिहिला गेला. आपल्याकडे कोकणात, मराठवाड्यात किती घरांच्या पेटाऱ्यांत आजी-आजोबांच्या अशा वह्या असतील! अजमेरची सफर, बोटीचे भाडे, सोबत कोण होते, रस्त्यात कोणाकडे उतरले. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यांना ती लिपी लागत नाही. मग घर पाडताना कोणीतरी म्हणते, उर्दूत आहे, म्हणजे काहीतरी धार्मिक असणार, बेअदबी नको. वही कपड्यात गुंडाळून विहिरीत सोडली जाते. आत काय होते? बहुधा माथेरानच्या पावसाचा हिशेब.