पैठणचा बाजार आणि यवनांची घरे

भगिनींनो, यवन म्हटले की आपल्याला पोथीतला कोणी परका शत्रू आठवतो. पण मुळात यवन म्हणजे ग्रीक लोक, आणि आपल्या पैठणशी त्यांचा मोठा व्यापार होता. मी सातवीपर्यंत शिकलेली संसारी बाई. विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. पण ही हकीकत आपल्या मुलींना ठाऊक असावी असे फार वाटते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. भडोचपासून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस १० दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकाचे खडे आणि तेरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. तिकडून मद्य, तांबे, कथील, पोवळे, काच येई; राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुलेसुद्धा! सारे काही त्याने टिपले आहे. मात्र त्या मलमलीचे सूत कोणी कातले, हे त्याने लिहिलेले नाही. व्यापाऱ्याच्या वहीत चातीवरच्या हातांना जागा कुठली?

आता त्यांच्या घरात डोकावू. याच्याही चार-पाचशे वर्षे आधी अथेन्स शहरात बायकांचा दिवस लोकर कातण्यात आणि उभ्या मागावर विणण्यात जाई. खाणे साधे: जवाची भाकरी, ऑलिव्हची फळे, अंजीर, चीज. दिव्यात तेल ऑलिव्हचेच. वस्त्र न शिवलेले, अंगाभोवती घेऊन खांद्यावर टाचलेले. नेसण्याची कला आपल्यासारखी त्यांनाही अवगत होती म्हणायची. मुलीचे लग्न चौदा-पंधराव्या वर्षी. नवऱ्याकडे पाहुणे जेवायला आले की घरच्या बाईने त्या पंगतीत बसायचे नाही. हे ऐकून आपल्या आजीच्या वेळचा माजघर-ओसरीचा रिवाज आठवतो, नाही का?

एक गोष्ट मात्र मला बोचली. अथेन्समध्ये कुलीन स्त्रीचे नाव चारचौघांत घेणे शिष्टसंमत नसे; न्यायसभेतही ती अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. आणि आपल्याकडे पैठणचे सातवाहन राजे आईचे नाव लावीत: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी! नाशिकच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षीचा. त्यात आपल्या पुत्राने शक, यवन, पल्हव यांचा नाश केल्याचे ती अभिमानाने सांगते. अर्थात राजघराण्यातली म्हणून तिचे नाव राहिले. तेरच्या सूत कातणारीचे नाही राहिले, हेही खरेच.

आणि मौज पाहा, लेखात नाश झालेले हे यवन गावोगाव नांदत होते. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिले आहेत, आणि जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख खडकावर कोरलेला आहे.