पाटीलबावांची पाटिलकी

काशीतील दुर्गाघाटाचा परिसर हा पेशवाईच्या काळात वसलेल्या मराठी वस्तीचा भाग. तेथून गंगेच्या काठाने मणिकर्णिकेच्या दिशेने गेले की शिंदे घाट लागतो. उत्तर हिंदुस्थानात ज्या घराण्याची खूण अशी जागोजागी दिसते, त्यातील सर्वांत कर्तबगार पुरुष महादजी शिंदे हे स्वतःला मात्र अखेरपर्यंत 'पाटील' म्हणवीत. याची संभावना कोणी विनम्रता म्हणून करतात, तर कोणी धूर्तपणा म्हणून. प्रशासनाच्या अभ्यासकाने मात्र येथे थोडे थांबायला हवे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर महादजींच्या पायाला जबर जखम झाली आणि ते कायमचे अधू झाले. राणे खान या भिस्त्याने त्यांना वाचवले. पुढे शिंद्यांची सरदारी त्यांना लगेच मिळाली नाही. ती आधी घराण्यातील इतरांना देऊन पाहण्यात आली. महादजींच्या हाती ती १७६८ मध्ये आली. रणात रक्त सांडलेल्या माणसाला आपल्या हक्कासाठी सात वर्षे थांबावे लागले.

यातून सरंजाम आणि वतन यांतील भेद स्पष्ट होतो. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला महसूल. तो चाकरीशी बांधलेला असे आणि सरकारची मर्जी फिरली की जप्त होई. साताऱ्याजवळील कण्हेरखेडची पाटिलकी हे शिंद्यांचे वतन होते. वतन वंशपरंपरेने चाले. त्यासोबत इनाम जमीन, ठरलेले हक्क आणि सणावारी गावात पहिला मान असे. पाटील हा स्वतः शेतकरी, तोच गावचा वसूल गोळा करणारा आणि तोच तंटे मिटवणारा. दसऱ्याला मुलूखगिरीवर निघून पेरणीपूर्वी घरी परतणाऱ्या सामान्य शिपायालाही मोहिमेनंतरचा खरा आधार गावच्या जमिनीचाच होता.

१७८४ मध्ये बादशहा शाह आलम याने पेशव्यांना वकील-इ-मुतलक हे पद दिले आणि त्यांचे नायब म्हणून दिल्लीचा कारभार महादजींकडे आला. तरीही त्यांनी पाटील हे नाव सोडले नाही. दिल्लीची पदे येतात आणि जातात, गावातील स्थान टिकते, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असणार? १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटलाचे पद रद्द झाले. ते योग्यच झाले, कारण जन्माने मिळालेला अधिकार लोकशाहीत बसत नाही, आणि वतनाच्या उतरंडीत तळाशी असलेल्यांना मानापेक्षा राबणूकच अधिक मिळाली होती. परंतु वतनाने जी गरज भागत होती ती कायद्याने संपली नाही. २०२२ पूर्वी भरती झालेला जवान किमान पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन घेऊन, अनेकदा चाळिशीच्या आतच, गावी परततो. त्याच्या पोटाची सोय आपण केली आहे. पण शिस्त, हिशेब आणि माणसे सांभाळण्याचा अनुभव घेऊन आलेल्या या माणसाला गावाच्या कारभारात आपण कोणते स्थान देतो? तो स्वतःच्या हिमतीवर सरपंच झाला तर झाला, एरवी त्याची जाण वाया जाते. त्याला वंशपरंपरागत हक्क नको आहे. गावाने आणि शासनाने आपल्याला कामाला लावावे, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती पुरी करणे अवघड नाही.